पुरं म्हणजे बरोबरी नव्हे

माझ्या लाडक्या दोघांनो,

गेले पाच महिने तुम्ही व्हिडिओ कॉलवर मला एकच प्रश्न विचारता आहात. पणजोबांचा बुद्धिबळाचा सेट कधी पाठवणार? आणि मी दर वेळी सांगते, काढून ठेवलाय, नीट पार्सल करायचाय. मागच्या रविवारी तुमच्यातल्या धाकटीने कॅमेऱ्यासमोर बोट नाचवत म्हटले, "मग दाखव ना आजी. आत्ता. नुसता दाखव." मी म्हणाले, वरच्या कपाटात आहे, माझा हात पोचत नाही. फोन ठेवला आणि लक्षात आले, हे वाक्य माझे नव्हे. ते मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले होते, आणि त्या वाक्यामागचे खरे कळले तेव्हा त्याच्याशी बोलणे मला कठीण झाले होते. आता तेच वाक्य मी तुम्हाला दिले. हे बरे नाही. म्हणून आज सकाळची कामे आटोपून लिहायला बसले आहे.

तो सेट माझ्याकडे नाही. वरच्या कपाटात गाद्यांच्या जुन्या खोळी आहेत.

तुमची आई म्हणाली, इंग्रजीत लिही, मुलांना सोपे जाईल. छत्तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवले, तेव्हा मला ते अवघड नाही. पण ही सगळी गोष्ट घडली एका मराठी शब्दामुळे, आणि इंग्रजीत त्या शब्दाची दोन-तीन भाषांतरे होतात. दोन-तीन झाली की गोष्ट संपली. तेव्हा आईकडून वाचून घ्या. कंटाळली तर तिला सांगा, आजीने सांगितले आहे.

आता क्रमाने सांगते.

माझे माहेर आगाशीचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी लग्न होऊन वटारला आले, म्हणजे बसने वीस मिनिटे. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, वाडीत केळी आणि पानवेल करत. शाळा त्यांची चौथीपर्यंत, पण बुद्धिबळाचे वेड भारी. त्यांचा पट म्हणजे लाकडी फळी नव्हती. आईने तांबड्या आणि पांढऱ्या कापडाचे चौकोन जोडून शिवलेला तो एक जाड रुमालच होता. सोंगट्या बाजारातल्या एका सुताराने त्यांना कातून दिल्या होत्या, पांढऱ्या शिवणीच्या लाकडाच्या आणि काळ्या शिसवीच्या. एकसारखी दिसणारी प्यादी ओळखू यावीत म्हणून आबांनी प्रत्येकाच्या बुडाला टाकाने ठिपके दिले होते. वजिरापुढच्या प्याद्याला एकच ठिपका, मोठा. हे सगळे एका सरकत्या झाकणाच्या पेटीत राही. पावसाळ्यात ते झाकण फुगून अडके आणि कोपऱ्यावर मूठ मारल्याशिवाय हलत नसे.

आबांचे नियम त्यांचे स्वतःचे होते. तुम्ही मला फोनवर जे खरे नियम शिकवलेत त्यांतले अर्धे त्यांना माहीत नव्हते. आमच्याकडे प्यादे एकच घर चाले. फक्त वजिरापुढच्या प्याद्याला पहिल्या खेपेस दोन घरे जायची मुभा होती, आणि मुभा कसली, तो नेमच होता. पांढऱ्याचे दोन घरे, काळ्याचे दोन घरे, दोन्ही समोरासमोर येऊन उभी. याला आबा 'रामराम' म्हणत. बांधावर दोन माणसे भेटली तर आधी रामराम होतो, मग बोलणे, तसे. या सुरुवातीवर जगात जाडजूड पुस्तके लिहिली गेली आहेत हे मला साठी उलटल्यावर कळले.

दुसरा नेम हा, की डाव मध्ये थांबवता येई. वाडीला पाणी सोडायची वेळ झाली, किंवा आईने हाक मारली, की ज्याला उठायचे तो म्हणे, "पुरं?" समोरच्याने "पुरं" म्हटले की डाव जिथल्या तिथे थांबला. मग त्यावर कोंबड्या झाकायचे डालगे पालथे घालायचे. संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, डालगे उचलायचे आणि पुढची चाल. एखादा डाव आठ-आठ दिवस चाले. त्या डालग्याखाली कोणी हात घालत नसे. माझा धाकटा भाऊ, ज्याला तुम्ही मामाआजोबा म्हणता, शाळेत शेजाऱ्याचे बघून गणिते उतरवणारा. पण तोसुद्धा डालग्याला शिवत नसे. आणि डाव संपायचा तो मात होऊनच. बरोबरी हा प्रकार आमच्या घरात नव्हता. दोन राजे उरले तर आबा सोंगट्या पुन्हा मांडायला सांगत.

आबा गेले तेव्हा पेटी भावाकडे राहिली. मी मागितली नाही. मुलगी माहेरून काय मागू शकते याची आमच्याकडे एक न लिहिलेली यादी असते आणि त्यात बुद्धिबळ नव्हते. मी माहेरी गेले की आम्ही खेळत असू, तेवढे मला पुरत होते. तीन वर्षांपूर्वी ते घर पाडून तिथे इमारत झाली. भाऊ आणि त्याची बायको शेजारच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. त्यानंतर आम्ही दोघे खेळायचो ते त्याच्या नातवाच्या प्लॅस्टिकच्या सेटवर. मी विचारले, आबांचा पट कुठे रे? तो म्हणाला, "माळ्यावर आहे, ताई. माझा हात पोचत नाही. शिडी आणतो कधीतरी."

हे त्याने मला निदान चार वेळा सांगितले. आणि मी चारही वेळा मान हलवली, कारण तो माझा भाऊ होता.

पुढचे तुम्हाला थोडे माहीत आहे. तुम्ही मला फोनवर खेळायला शिकवलेत, चाली इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकवलेत, आणि एकदा थोरला म्हणाला, "आजी, पणजोबांचा सेट मला हवा. फोनमध्ये सोंगट्यांना वजन नसतं." मी त्याच क्षणी कबूल केले. मला वाटले, भाऊ नाही म्हणणार नाही. त्याच्या नातवाला बुद्धिबळात रस नाही, तो दिवसभर क्रिकेट बघतो.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "देतो की. घाई काय आहे?" मग दिवाळीच्या दोन आठवडे आधी त्याचाच फोन आला. माणिकपूरला एका शाळेच्या हॉलमध्ये साठ वर्षांवरच्यांची स्पर्धा आहे, पाच फेऱ्या, एका दिवसात. "दोघांचे फॉर्म भरून टाकलेत, ताई. नो इश्यूज. डबा तेवढा तू आण." त्याने जन्मभर बँकेत काम केले. तो घरातसुद्धा निम्मे इंग्रजी बोलतो. ओके, नो इश्यूज, फाइन. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्पर्धा मजेची होती. मी स्पर्धेत कधी खेळले नव्हते, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच. पहिल्या फेरीत मी एका निवृत्त स्टेशनमास्तरांना हरवले, ते दर चालीला हरी हरी म्हणत. तिसऱ्या फेरीत एक ख्रिस्ती शेतकरी आजोबा होते. त्यांनी मला एकवीस चालींत मात दिली आणि वर म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊस बाय, माझी बायको पण मला रोज हेच म्हणते, की मी दयामाया दाखवत नाही." चार फेऱ्या झाल्या तेव्हा माझे अडीच गुण होते. भावाचेही अडीच. पाचव्या फेरीच्या जोड्या भिंतीवर लागल्या तर सहाव्या पटावर आमचीच दोघांची नावे, समोरासमोर. पांढऱ्या सोंगट्या मला.

तो जिन्यात उभा राहून हसत सुटला. "घ्या! इतक्या लांब येऊन शेवटी तुझंच तोंड बघायचं."

"माझा डबा खाताना तोंड दिसलं नाही वाटतं," मी म्हणाले. मग मला एकदम सुचले. मी त्याला म्हटले, "हे बघ, तू हरलास तर आबांचा पट मला द्यायचा. पेटीसकट. याच आठवड्यात. मला पोरांना पाठवायचाय."

"आणि तू हरलीस तर?"

"तर पुन्हा कधी मागणार नाही."

तो कठड्यावर बोटे वाजवत राहिला. "आणि बरोबरी झाली तर?"

"तर आहे तिथं राहू दे."

"फाइन," तो म्हणाला.

आता लिहिताना दिसते की ज्या घरात कधी बरोबरी झाली नाही त्या घरातल्या माणसाने तो प्रश्न विचारायचे काही कारण नव्हते. तेव्हा दिसले नाही. मला तर मजा वाटत होती.

मी वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. त्यानेही समोर तसेच सरकवले. पंच म्हणून आलेली पांढऱ्या शर्टातली मुलगी जवळच उभी होती, म्हणून तो ओठातल्या ओठात म्हणाला, "रामराम." मीही म्हणाले. मग तुम्ही शिकवलेत तसे मी शेजारचे, उंटापुढचे प्यादे भिडवले. त्याने ते मारले नाही. मागून एक प्यादे टेकू द्यायला आणले, दोघांनीही किल्लेकोट केला, आणि बराच वेळ कोणाचेच काही बिघडले नाही. अठराव्या चालीला त्याने वजिरांची मारामारी घाईने करून टाकली आणि त्या घाईत त्याचे एक प्यादे फुकट गेले. त्याने जीभ चावली. मी चाल लिहिली, अक्षर नेहमीसारखेच ठेवून. मी पेटीचे झाकण उघडल्याचा आवाज मनात ऐकत होते.

सत्ताविसाव्या चालीला लाईट गेली. पंखे थांबले. त्या मुलीने टाळी वाजवून सांगितले, "सगळ्यांनी घड्याळं थांबवा, प्लीज. सोंगट्यांना हात लावू नका." दहा मिनिटे सगळे म्हातारे रुमालांनी वारा घेत बसले. मग खिडक्या उघडल्या, उजेड पुरेसा आहे असे ठरले, आणि तिने घड्याळे पुन्हा सुरू करायला लावली. मला ते आवडले होते. मी भावाला म्हटलेसुद्धा, "बघ, इथंही डालगं घालतात."

एकतिसाव्या चालीला माझा हत्ती सातव्या रांगेत शिरला होता आणि माझे जास्तीचे प्यादे वजीर व्हायला तीन घरे राहिली होती. मी कोणी मोठी खेळाडू नाही, पण एवढे मला कळत होते. त्यालाही कळत होते. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याच्या हृदयाच्या एका शिरेत मागच्या वर्षी जाळी बसवली आहे, हे तुम्हाला आईने सांगितले असेल. त्याने शर्टाचे वरचे बटण काढले, छातीवर हात चोळला, आणि माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला,

"पुरं, ताई?"

हॉलमध्ये दिवसभर मी तो दुसरा शब्द पंचवीस वेळा ऐकला होता. ज्याला बरोबरी हवी तो 'ड्रॉ?' म्हणे. स्टेशनमास्तर म्हणत, ख्रिस्ती आजोबा म्हणत. सकाळी दुसऱ्या फेरीत माझा भाऊ स्वतः म्हणाला होता. माझ्यासमोर त्याने तो म्हटला नाही. त्याने आमच्या घरातला शब्द काढला, आबांच्या आवाजाचा, जो त्या हॉलमध्ये मी सोडून कोणाला कळला नसता.

मला वाटले, याला बरे वाटत नाही, थांबायचे म्हणतोय. मी म्हणाले, "पुरं, पुरं." त्याने हात पुढे केला. मला वाटले, उठायला आधार मागतोय. मी तो हात दोन्ही हातांनी धरला.

त्याने दुसऱ्या हाताने घड्याळ थांबवले आणि मुलीला म्हणाला, "ड्रॉ, मॅडम."

ती आली. कागदावर अर्धा-अर्धा लिहिले. "आजी, ड्रॉ ना? इथे सही करा."

मी त्याच्याकडे पाहिले. तो छाती चोळतच होता. अशा माणसाशी मी त्या शांत हॉलमध्ये वाद घालणार होते का? आणि मला वाद घालावासा वाटलाही नाही. मी मनात हिशेब केला तो असा. हा कागद त्या मुलीचा आहे. त्यावर काय लिहिले याला महत्त्व नाही. आमचा डाव आमचा आहे आणि तो 'पुरं' म्हणून थांबला आहे. माझ्या वहीत सगळ्या चाली आहेत. घरी मांडू आणि पुढे खेळू. मी पूर्ण नावाने सही केली.

बाहेर आलो. मी म्हटले, रिक्षा करते, आधी डॉक्टरकडे. तो म्हणाला, "अगं काही नाही, आत फार उकडत होतं." फाटकाशी खाण्याची हातगाडी होती. त्याने दोन वडापाव घेतले आणि मिरचीसकट उभ्या उभ्या खाल्ले. मी बघत राहिले. त्याचा घाम वाळला होता.

"बरं वाटतंय ना?" मी विचारले. "मग असं कर, शनिवारी पेटी काढून ठेव. मी येते. एकतिसाव्यापासून पुढे खेळू. चाल तुझी आहे."

त्याने घास गिळला. "कुठला पुढे, ताई? ड्रॉ झाला ना."

"ते त्या मुलीच्या कागदावर. तू मला पुरं म्हणालास."

"तेच ते."

"तेच ते नाही. तुला माहीत आहे तेच ते नाही."

तो कागदाच्या तुकड्याला हात पुसत राहिला. माझ्याकडे बघितले नाही. "तूच म्हणालीस ना, बरोबरी झाली तर पट आहे तिथं राहू दे. मग राहू दे की. सही केलीस तू."

माणिकपूरच्या त्या रिक्षांच्या गोंगाटात मी चालींची वही धरून उभी होते. छत्तीस वर्षे मी वर्गात शब्दांचे अर्थ सांगत आले, आणि आता माझाच भाऊ मला एका शब्दाचा अर्थ शिकवत होता. मला वाटले, त्याला पट माझ्याकडे जायला नको आहे, एवढेच. हावरटपणा वाटला मला तो. खरे सांगते, तेवढेच असते तर मी आठ दिवसांत विसरले असते.

चार दिवसांनी मी आगाशीला गेले. माहेरच्या वाडीतली केळी घरी आणायची होती, आणि एकदा ती पेटी डोळ्यांनी बघायची होती. पट त्याच्याकडे राहायचा तर राहो, आपण पुसून, झाकणाला मेण लावून द्यावे, असे काहीतरी मनात होते. भाऊ बाजारात गेला होता. भावजयीने दार उघडले, पाणी दिले. मी म्हटले, तो यायच्या आत ती आबांची पेटी काढू या का? शिडी आहे का घरात?

"कुठली पेटी, वन्सं?"

"अगं, बुद्धिबळाची. माळ्यावरची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "इथं कुठला माळा? ती तर घर पाडलं तेव्हाच गेली ना. झोपाळा, माच, दारं, सगळं जुनं लाकडी सामान नेणारा आला होता, तेव्हा माळ्यावरचंही त्यानं उतरवून नेलं. नंतर आठवलं यांना. दोनदा शोधायला जाऊन आले त्याच्याकडे. यांनी सांगितलं नाही तुम्हाला?" मग तिला माझा चेहरा दिसला असावा. ती उठून आत गेली आणि गॅसवर उगीचच चहा ठेवला.

मी वर पाहिले. गुळगुळीत छत, मध्ये पंखा. तीन वर्षे मी या खोलीत बसून 'माळ्यावर आहे' हे ऐकत होते आणि एकदाही मान वर केली नव्हती.

भाऊ भाजीची पिशवी घेऊन आला. आम्हा दोघींकडे बघून त्याला कळले. त्याने पिशवी खाली ठेवली आणि चपला घातलेल्याच राहिल्या.

"कुठल्या माळ्यावर रे?" मी विचारले.

"ताई, चुकून गेली ती. मुद्दाम नाही दिली मी."

"ते मी विचारत नाही. तीन वर्षं सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? आबांची एक वस्तू सांभाळता आली नाही, असं तुला सांगू? तू मग काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. तुझा तो शाळेतला आवाज."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू जिंकत होतीस." तो खुर्चीत बसला. "जिंकलीस तर शनिवारी पेटी घ्यायला येणार. मी काय दिलं असतं तुला?"

"मग सरळ ड्रॉ म्हणायचं होतंस. इतर वेळी म्हणतोसच की."

त्याने या वेळी माझ्याकडे बघितले. "ड्रॉ म्हटलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

उत्तर त्याला माहीत होते. त्याने ते तिथेच बसून, एकतिसाव्या चालीपूर्वी, शोधून काढले होते. मला थांबवू शकेल असा जगात एकच शब्द होता, आणि तो शब्द वापरताना त्याने छातीवर हातही ठेवला होता. पेटी गेली ही चूक. तीन वर्षे खोटे बोलणे ही भीती, तेही मी समजू शकते. पण डालग्याखाली हात घालणे, ते त्याने लहानपणीसुद्धा केले नव्हते.

भावजयीचा चहा तसाच राहिला. मी उठले तेव्हा तो मागून म्हणाला, "आणि तसाही तो डाव पुरा कुठं होता, ताई? एक प्यादं आधीच हरवलेलं. वजिरापुढचं. तुझ्या लग्नापासून आबा तिथं सुपारी ठेवायचे."

माझ्यासाठी काढून ठेवलेला केळ्यांचा घड तिथेच टाकून मी बस पकडली.

भाऊबीजेला तो आला. येईल की नाही याची मला खात्री नव्हती. मी ओवाळले. त्याने पाया पडायला वाकताना गुडघ्यावर हात ठेवला, आणि त्याचा तो हात मी धरला नाही. जेवायला वाढताना मी बासुंदीची पळी दुसऱ्यांदा पुढे केली. आमच्याकडे अशा वेळी ताटावर हात आडवा धरून माणूस काय म्हणतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीही इथे आलात की म्हणता. त्याने हात आडवा धरला, तोंड उघडले, थांबला, आणि म्हणाला, "बस, ताई." एवढेच. आम्ही दोघांनीही ते ऐकले. आता मीसुद्धा जेवताना तो शब्द म्हणत नाही. नुसता हात धरते.

तो दर पंधरवड्याला फोन करतो. मी बोलते. त्याच्या गोळ्यांची चौकशी करते. खेळायला ये असे तो म्हणत नाही, मी म्हणत नाही. लोक मला सांगतात, तुमची आईसुद्धा सांगते, एवढ्याशा गोष्टीवरून काय, भाऊ आहे, म्हातारा झालाय. हे सगळे खरे आहे. मला राग पेटीचा असता तर मी ऐकले असते.

आता राहिलेले एक सांगते, जे मी त्याला अजून सांगितलेले नाही, तुमच्या आईलाही नाही.

ते प्यादे हरवले नव्हते. लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळे मांडवात असताना, ते मी पेटीतून काढून घेतले. मी या घरात नसताना हा डाव पुरा राहू नये, असे मला वाटले होते. बावीस वर्षांची होते. आबांनी पेटी उघडल्यावर त्यांना कळले असणारच, कारण त्यांनी कोणाला विचारले नाही, शोधाशोध केली नाही, गुपचूप एक सुपारी आणून त्या जागी ठेवली. पुढे पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षे मी माहेरी जाऊन त्या सुपारीने रामराम करत आले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. म्हणजे सांभाळून खोटे बोलण्यात आम्ही भावंडे सारखीच, तुम्ही म्हणाल. म्हणा. पण मी ते कोणाला फसवून थांबवायला वापरले नाही. निदान मला तसे वाटते. तुम्ही मोठे झालात की तुमचे मत मला सांगा.

तर सेट येणार नाही. पार्सल वगैरे काही केलेले नाही, आणि तुम्हाला मी पाच महिने जे सांगितले ते खोटे होते. एकतीस चालींचा कागद या पत्रासोबत पाठवते आहे, थोरल्याने तो मांडून बघावा. चाल काळ्याची आहे.

प्यादे माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. शिवणीच्या लाकडाचे, अंगठ्याएवढे, हात लागून लागून पिवळे पडलेले. बुडाचा ठिपका अजून दिसतो.